घर सोडून गेलेल्या भावाबहिणीशी पुन्हा गाठ घालताना: सांगली-मिरज भागातल्या लोकांसाठी

या विषयावर सांगणारे लोक बहुतेक शोधणाऱ्या बाजूचे असतात. मी सापडलेल्या बाजूचा आहे. तासगाव तालुक्यातलं घर, द्राक्षबागेवरचं कर्ज, वडील गेल्यावर थोरल्या भावाशी लागलेलं भांडण, आणि एक दिवस अंगावरच्या कपड्यांनिशी धरलेली एसटी. एवढी पार्श्वभूमी पुरे. पुढची काही वर्षं मिरज जंक्शनचा फलाट, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची गोदामं आणि शेवटी महापालिकेचं बेघर निवारा केंद्र असा फिरत राहिलो. आक्का कराडला दिलेली. तिनं मला शोधून काढलं.

आता निवारा केंद्रातल्या ओळखीपाळखीनं लोक माझ्याकडे येतात. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण. प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. शोधणं, भेटणं आणि घरी आणणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. लोक शोध लागला त्याच दिवशी गाडी घेऊन येतात, भेटतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस घरात बसवतात. महिन्याभरात तो परत फलाटावर दिसतो, आणि मग "आम्ही एवढं केलं, तरी गेला" असं गावभर होतं. पहिलं काम तुमच्या हातात आहे. दुसरं आणि तिसरं त्याच्या हातात आहे.

१. आधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा

पहिली: तुम्हाला तो कशासाठी हवाय? जमिनीच्या कागदावर सही हवी असेल तर तसं म्हणा आणि वकिलामार्फत रीतसर नोटीस पाठवा. "तुझी आठवण येते" म्हणून बोलावून पुढ्यात स्टँप पेपर ठेवला, तर तो माणूस पुन्हा कधीच तुमचा होणार नाही. हे मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी: बोलणार कोण? एकच माणूस बोलेल. भांडणात ज्याचा हात सगळ्यात कमी होता तो. बहुतेक घरांत ती धाकटी किंवा लग्न होऊन गेलेली बहीण असते. चुलते, मामा, सरपंच, गावातले चार प्रतिष्ठित यांना या टप्प्यावर काहीही सांगू नका.

तिसरी, आणि बहीण घर सोडून गेली असेल तर हीच पहिली: ती कुणाला भिऊन गेली? नवऱ्याला, दिराला, की आपल्याच वडिलांना? ज्याला भिऊन गेली त्याच्या कानावर तिचा ठावठिकाणा जाता कामा नये. घरात गोष्ट राहत नसेल तर आईलासुद्धा भेट होईपर्यंत सांगू नका.

२. काय काय जवळ ठेवायचं

- दोन फोटो: एक शेवटचा आणि एक जुना, साधा, बिन टोपीचा. लग्नातला फेटा बांधलेला फोटो कामाचा नाही. रस्त्यावर राहिलेला माणूस वाळतो, दाढी वाढते, दात पडतात.
- शरीरावरच्या खुणा: भाजल्याचा डाग, गोंदण, ऑपरेशनचा व्रण, तुटलेलं बोट.
- आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र यांची असेल ती झेरॉक्स.
- शाळेचं नाव आणि साधारण कोणत्या वर्षी शाळा सोडली ते. हे पुढे फार उपयोगी पडतं, सांगतो.
- चालू असलेली औषधं, फिट येते का, दारू किती.
- घरातलं टोपणनाव, आणि तो कोणत्या देवाला, कोणत्या जत्रेला हटकून जायचा.

बाहेर माणसाला त्याच्या नावानं ओळखत नाहीत हेही लक्षात ठेवा. मला स्टेशनवर सगळे "तासगाव" म्हणायचे. कुणी माझं नाव घेऊन विचारलं असतं तर शेजारी झोपणाऱ्यानंही "असा कोण नाही इथं" असंच सांगितलं असतं. म्हणून विचारताना गावाचं नाव, बोलण्याची ढब, एखादी सवय सांगा आणि फोटो दाखवा.

३. पोलिसांत मिसिंग द्या, कितीही वर्षं झाली असली तरी

मिसिंग म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची तक्रार. ती प्रौढ माणसाचीही दाखल होते. "मोठा आहे, येईल आपणहून" असं ऐकवलं जाईल. शांतपणे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि मिसिंगचा नोंद क्रमांक लिहून घ्या. राहत्या गावाच्या पोलीस ठाण्यात तर द्याच, पण माणूस रेल्वेनं गेल्याचा संशय असेल तर मिरजेच्या लोहमार्ग पोलिसांनाही त्या नोंदीची प्रत आणि फोटो द्या. लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल ही दोन वेगळी खाती आहेत. गुन्हे आणि बेपत्ता यांचं काम लोहमार्ग पोलिसांकडे असतं.

तिथंच आणखी एक विचारून घ्यायचं असतं. अनोळखी मृतदेहांची नोंद अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरला असते, फोटो असतात. कोणालाच हे बघायला नको वाटतं. घरातल्या बाईमाणसाला एकटीला पाठवू नका, पण हे टाळूही नका. टाळलं की पुढची दहा वर्षं मनात तोच एक प्रश्न घोळत राहतो.

माणूस मनानं आजारी असेल तर तुमच्या बाजूनं कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे असा कुणी भटकताना आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. तो बेघर असेल तर ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हेही ठाणे अंमलदाराचं काम आहे. म्हणजे तुमची मिसिंग एका ठाण्यात आणि त्याची नोंद दुसऱ्या ठाण्यात असं असू शकतं. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, रत्नागिरी, ठाणे आणि नागपूर इथं आहेत. आपल्या भागातला माणूस असला तरी चारही ठिकाणी चौकशी करा, कारण रेल्वेत बसलेला माणूस कुठं उतरेल त्याचा नेम नाही.

४. शोधायचं कुठं: जेवण आणि रोजगार जिथं, तिथं

लोक आधी फेसबुकवर फोटो टाकतात. माझं मत विचाराल तर ते शेवटी करा. "हरवला आहे" म्हणून स्वतःच्या नंबरासकट फोटो टाकला की दोन दिवसांत फोन येतो: "तुमचा भाऊ आमच्याकडं आहे, दवाखान्यात टाकलाय, पाच हजार फोनपे करा." पैसे पाठवले की फोन बंद. असा फोन आला तर व्हिडिओ कॉल करायला सांगा, नाहीतर लहानपणीची एखादी गोष्ट विचारा, जी फक्त त्यालाच माहीत आहे. शिवाय असा फोटो त्यानं स्वतः पाहिला तर तो आणखी लांब जाण्याची शक्यता जास्त. मी तरी गेलो असतो.

आपल्या भागात बघायच्या जागा अशा.

मिरज जंक्शन पहिलं. इथून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डुवाडी अशा चार दिशांना गाड्या जातात, त्यामुळे आपल्या भागातला घर सोडलेला माणूस कधी ना कधी इथं येतोच. दिवसा जाऊन उपयोग नाही. रात्री दहानंतर किंवा पहाटे चहाच्या वेळी जा. हमालांना, चहावाल्यांना, सफाई करणाऱ्या बायकांना विचारा. त्यांना चेहरे पाठ असतात.

मग मिरजेचा दर्गा, आणि सरकारी दवाखान्यांचे व्हरांडे. मिरजेत एवढे दवाखाने आहेत की नातेवाइकांच्या गर्दीत एखादा बेघर माणूस महिनोन् महिने झोपला तरी त्याला कुणी उठवत नाही.

मग देवस्थानं. जिथं प्रसाद मिळतो तिथं माणूस टिकतो: नरसोबाची वाडी, औदुंबर, पंढरपूर, अक्कलकोट. पंढरपूरला थेट रेल्वे असल्यानं मिरजेतली निम्मी मंडळी आषाढी-कार्तिकीला तिकडंच असतात. वारीच्या गर्दीत शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. वारी संपल्यावर आठवड्यानं जा.

जो कामाचा माणूस आहे तो हंगामाबरोबर फिरतो, आणि हे शोधणाऱ्यांच्या डोक्यात येतच नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला तो तासगाव-पलूसच्या बागांत असेल, उन्हाळ्याच्या तोंडाला बेदाण्याच्या शेडवर, हिवाळ्यात गुऱ्हाळावर किंवा कारखान्याच्या टोळीबरोबर, नाहीतर वीटभट्टीवर. हळदीच्या हंगामात सांगलीचा मार्केट यार्ड. साताऱ्याकडचा माणूस असेल तर महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं. तिथं राहायला आणि जेवायला मिळतं, त्यामुळे कागदपत्रं नसलेला माणूस भांडी घासायला तिथं जातो. मुकादमाला भेटा. मुकादमाकडे वही असते, आणि उचल घेतलेल्या प्रत्येकाचं नाव त्या वहीत असतं.

शेवटी निवारा केंद्र. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली शहरांत बेघरांसाठी निवारे उभे राहिले, आणि ते महापालिका किंवा नगरपरिषद संस्थांमार्फत चालवते. सांगलीत महापालिकेत बेघर निवाऱ्याचं काम बघणारा विभाग विचारा, ते पत्ता देतील. केंद्रातले लोक तुम्हाला "हो, इथं आहे" असं लगेच सांगणार नाहीत. चिडू नका. आधी त्याला विचारणं हे त्यांचं कामच आहे. फोटो, तुमचं नाव, नातं आणि नंबर ठेवून या.

मतदार यादी घरबसल्या बघता येते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, वडिलांचं नाव आणि जिल्हा घालून शोधा. आधार केंद्रावर जाऊन भावाचा आधार पत्ता मागणारेही मला भेटलेत. तो कुणालाच देत नाहीत, तिथं हेलपाटा घालू नका.

५. सापडला. आता पुढ्यात जाऊन उभं राहू नका

या टप्प्यावर सगळ्यात जास्त बिघडतं.

तुम्ही त्याला वर्षानुवर्षं शोधत असता, त्यामुळे तुमची तयारी झालेली असते. त्याची अजिबात नसते. अंगावर मळका शर्ट, पायात दुसऱ्याची चप्पल, आणि समोर अचानक इस्त्रीच्या साडीतली बहीण. त्या क्षणी त्याला आनंद होत नाही, लाज वाटते. लाजेतला माणूस एकतर पळतो, नाहीतर शिव्या देतो.

आधी निरोप पाठवा. निवारा केंद्रातला कार्यकर्ता, मुकादम, चहावाला, त्याचा ज्याच्यावर विश्वास असेल तो. चिठ्ठी असेल तर फारच चांगलं, कारण चिठ्ठी खिशात ठेवता येते, रात्री परत वाचता येते. त्याला वाचता येत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून द्या.

आक्काची चिठ्ठी साधारण अशी होती. तिच्या परवानगीनं देतोय:

"तू मिरजेत आहेस असं कळलं. मला तुझ्याकडून काही नको आणि काही विचारायचंही नाही. दादाला मी सांगितलेलं नाही. तुला वाटलं तर खालच्या नंबरवर फोन कर, रात्री नऊनंतर मी मोकळी असते. नाही केलास तरी माझा राग नाही. दिवाळीनंतर परत एक चिठ्ठी पाठवीन. तुझी आक्का."

यात काय नाही ते बघा. "आई तुझ्या नावानं झुरली" नाही, "घरी ये" नाही, "का गेलास" नाही. कुणाला सांगितलंय आणि कुणाला नाही, हे मात्र स्पष्ट आहे. मला त्या एका ओळीनं धीर आला. आणि पुढची चिठ्ठी कधी येणार तेही लिहिलंय, म्हणजे लगेच उत्तर दिलं नाही तर दार बंद झालं असं वाटत नाही.

उत्तर आलं नाही तर सांगितलेल्या वेळेलाच पुन्हा लिहा, त्याआधी नाही. रोज माणूस पाठवून "काय म्हणाला?" असं विचारत राहिलात तर तो जागा बदलेल.

६. पहिली भेट

जागा त्याला ठरवू द्या. त्यानं तुमच्यावर सोडलं तर बाग निवडा. सांगलीत आमराई बरी. हॉटेलात वेटर कपड्यांकडे बघतो, देवळाच्या आवारात ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. तुमच्या घरी नको आणि तो झोपतो त्या जागीही नको.

वेळ दिवसाची, सकाळची. पिणारा माणूस असेल तर सकाळीच त्याच्याशी बोलता येतं.

एकटे जा. फार तर सोबत एक जण, तोही थोडा लांब बसेल. मुलांना मामा दाखवायला नेऊ नका. मोबाईलवर फोटो काढू नका. पहिल्या भेटीचा फोटो भावकीच्या ग्रुपवर गेला की संपलं. रक्षाबंधन किंवा भाऊबीज बघून भेट ठेवू नका. सणाला त्याच्या हातात ओवाळणी घालायला काही नसतं, आणि ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त लागतं. गावच्या जत्रेचं तर नावच काढू नका.

खायला घरचं न्या. भाकरी आणि त्याच्या आवडीची भाजी. नवे कपडे पहिल्या भेटीत देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. त्यात "तू असा दिसू नकोस" हे न बोलता बोलून होतं. चप्पल मात्र चालते. चप्पल सगळ्यांनाच लागते.

बोलायचं काय? भाचरं काय शिकतात, पाऊस कसा झाला, गावातलं कुणाचं लग्न झालं, शाळेतल्या कुठल्या मास्तरांचं काय झालं. मागचं भांडण त्यानं काढलं तर ऐका. खोडून काढू नका, थोरल्याची वकिली करू नका. "झालं गेलं गंगेला मिळालं" हे तर म्हणूच नका. ज्याचं गेलं त्यानं ते म्हणायचं असतं.

पैसे रोख देण्यावरून फार वाद होतात. प्यायला जातील अशी भीती असेल तर खानावळीचा महिन्याचा डबा लावून द्या, दवाखान्याचं बिल परस्पर भरा, एक साधा फोन घेऊन द्या. दोनशे-पाचशे रुपये हातात दिले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण "दारूला घालवू नकोस हं" असं म्हणून द्यायचे असतील तर देऊच नका.

तासा-दीड तासात उठा, जरी दोघांनाही बसावंसं वाटत असलं तरी. पुढची भेट कधी, एवढं ठरवून उठा.

७. घरातलं कुणी गेलं असेल तर

त्याला बहुधा माहीत नसतं. आई गेली, वडील गेले, धाकटा अपघातात गेला. हे चिठ्ठीत लिहू नका आणि फोनवरही सांगू नका. मात्र त्यानं थेट विचारलं, "आई कशी आहे?", तर खोटं बोलू नका. "भेटल्यावर सांगते" एवढंच म्हणा. तो समजायचं ते समजतो.

सांगाल त्या दिवशी त्याच्या सोबत रात्री कुणीतरी असेल याची सोय करा. निवारा केंद्रात असेल तर तिथल्या काळजीवाहकाला आधी कल्पना द्या.

काहींना विधी करायचा असतो, वर्षं उलटली असली तरी. करू द्या. गावच्या घाटावर चारचौघांत जायला नको वाटलं तर हरिपूरचा संगम आहे, तिथं कृष्णा आणि वारणा मिळतात, कुणी कुणाला विचारत नाही. केस उतरवायचे, तिलांजली द्यायची, काय करायचं ते तो ठरवेल. "आता दिवस कुठं राहिले" असं म्हणणारे भटजी आणि नातेवाईक दोघांनाही बाजूला ठेवा.

८. राहायचं कुठं

लगेच घरी नको, हे परत सांगतो. दारात चार पिढ्यांची चर्चा, आत थोरल्याचा संसार, वहिनीच्या मनात धास्ती. तिची धास्ती खोटी नसते, तिला घर चालवायचं असतं. बहिणीच्या घरी राहणं तर आपल्याकडे आणखी अवघड. दाजी कितीही चांगले असोत, बहिणीच्या दारात भाऊ राहिला की चारच दिवसांत कुणीतरी टोमणा मारतंच. मी कराडला गेलो तो पाहुणा म्हणून, आणि परत आलो तो निवाऱ्यावरच. पुढे यार्डातलं काम नियमित झालं, तेव्हा मिरजेत दोघांत मिळून खोली घेतली.

निवारा केंद्र म्हणजे कमीपणा नव्हे. तिथं झोपायला जागा, आंघोळ, पेटी आणि मुख्य म्हणजे एक पत्ता मिळतो. काम लागेपर्यंत, कागदपत्रं होईपर्यंत त्याला तिथंच राहू द्या, आणि तुम्ही आठवड्याला भेटायला जा.

दारू सुटावी म्हणून त्याला खोलीत कोंडणाऱ्यांसाठी: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. खोकला जुना असेल, वजन उतरलं असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आधी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत असतात. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड हरवू देऊ नका. तो बरा दिसायला लागला की घरचेच गोळ्या बंद करतात, असं फार ठिकाणी झालेलं आहे.

९. कागदपत्रं पुन्हा उभी करणं

सुरुवात शाळेपासून. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. त्यात जन्मतारीख, जात हे सगळं असतं. त्यावरून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळते. मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र मागतात. सगळं हरवलेल्या माणसाचा हा पहिला कागद.

मग आधार. ते पूर्वी निघालेलं असेल तर नव्यानं काढायला जाऊ नका, बोटांचे ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. आधार सेवा केंद्रात त्याला स्वतःला घेऊन जा, ठशांवरून जुना क्रमांक शोधता येतो. हमाली करणाऱ्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. तेव्हा डोळ्यांवरून करायला सांगा. मोबाईल नंबर बदलायला वेगळा कागद लागत नाही, फक्त तो जातीनं हजर हवा. तो नंबर त्याचा स्वतःचा असू द्या, तुमचा नको. नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी तुमच्या तोंडाकडे बघायची वेळ त्याच्यावर येते.

पत्त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र. दोन, कुटुंबप्रमुख म्हणून तुमची संमती, म्हणजे तुमच्या पत्त्यावर त्याचं आधार. दुसरी वाट सोपी आहे, पण थोरल्याच्या मनात लगेच जमिनीचा संशय येतो. आम्ही पहिली घेतली.

मतदार म्हणून नाव घालायला घर लागत नाही. नमुना ६ भरताना तो झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन खात्री करतो.

आणि तुम्ही दिलेली मिसिंग बंद करायला विसरू नका. त्याला ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागतो. पोलीस म्हटलं की त्याला धडकी भरते, म्हणून सोबत जा. जबाबात "मी माझ्या मर्जीनं इथं राहतो" असं त्यानं सांगितलं तर पोलीस त्याला घरी जायची सक्ती करत नाहीत.

१०. जमिनीचा विषय

निदान सहा महिने तोंडातून काढायचा नाही. दोन्ही बाजूंनी.

पण अंधारातही राहू नका. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघता येतात, ते बघून ठेवा. वडील गेल्यावर वारस नोंद करताना घर सोडून गेलेल्या भावाचं किंवा बहिणीचं नाव "बेपत्ता" म्हणून सोडून दिलेलं असेल तर घाबरू नका. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही, फेरफार ही महसुलाची नोंद आहे. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून कळल्याबरोबर वकील गाठा. सात वर्षं ठावठिकाणा नसला तर मृत्यू झाला असं कोर्ट मानू शकतं, पण माणूस स्वतः समोर उभा राहिला की ते गृहीतक टिकत नाही.

मुलींचाही वाटा आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. "तिला लग्नात दिलं" हे कोर्टात चालत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि राजीखुशीनं द्यावं लागतं. भेटीगाठी सुरू असताना कुणी ते पुढे केलं तर सही करू नका, "वकिलाला दाखवतो" एवढंच म्हणा.

वकिलाला पैसे नसतील तर सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथं मोफत वकील मिळतो. दावा लावण्याआधी मध्यस्थीही करतात. घरच्या चावडीपेक्षा ती बरी, कारण तिथं कुणी मोठ्या आवाजात बोललं म्हणून जिंकत नाही.

११. तुम्हीच बाहेर असाल तर

हे वाचणारा स्वतः निवाऱ्यावर असेल तर त्याच्यासाठी. बहिणीला शोधताना माहेरच्या नावानं शोधू नका. मतदार यादीत ती नवऱ्याच्या नावानं असते. तिच्या सासरचं गाव माहीत असेल तर तिथल्या पोलीस पाटलाला किंवा आशा सेविकेला फोन करा. आशाताईंना घर न् घर माहीत असतं. सांगताना "माहेरचा निरोप आहे" एवढंच सांगा आणि तुमचा नंबर द्या.

ती घरात एकटी निर्णय घेऊ शकत नाही, हे धरून चाला. चार दिवस फोन आला नाही म्हणजे तिला नको आहात असं नाही. कदाचित दाजी परगावी असतील, कदाचित फोन मुलाकडे असेल.

आणि एक भावंड आलं म्हणजे सगळी येतील असं नाही. दादा आणि मी लग्नकार्यात बोलतो, "बरं आहे का?" इथवर. आक्कानं आमच्यात समेट घालायचा प्रयत्न केला नाही, आणि त्यामुळेच आमचं तिघांचं निभतंय.

१२. तो नाही म्हणाला तर

नाही म्हणजे नाही. त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नका, मुकादमाला मध्ये घालू नका. नंबर दिलेला आहे, तो बदलू नका. रिचार्ज संपवू नका. वर्षातून एक चिठ्ठी पाठवा, त्यात घरातल्या बातम्या आणि नंबर एवढंच.

हाताशी ठेवायचे नंबर

- ११२: तातडीची मदत, पोलीस
- १८१: महिलांसाठी
- १४५६७: ज्येष्ठ नागरिकांसाठी, रस्त्यावर एखादं वयस्क माणूस निराधार दिसलं तरी
- १४४१६: टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी
- १४४४६: व्यसनमुक्तीसाठी
- १५१००: मोफत कायदेशीर मदत
- १९४७: आधार
- १३९: रेल्वे

भावाला हे नंबर फोनमध्ये भरून देऊ नका, कागदावर लिहून द्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तुमचा नंबर सगळ्यात वर. फलाटावर झोपणाऱ्याचा सगळ्यात आधी फोन चोरीला जातो.